लाल मूठ

लेडव्हिलच्या धावपट्टीवर
नुसतं उभं राहिलं तरी दम लागतो.
ऑक्टोबर, सकाळचे साडेआठ.
व्हर्ना टॉलफसन पंखांवरचं दंव
जुन्या टॉवेलनं पुसते, मग टाकीतलं पेट्रोल
काचेच्या नळीत घेऊन उन्हासमोर धरते.
निळं. तळाशी पाणी नाही.
"चल, झू."
झुबेदा तिच्या जिभेला जड जातं.

काळी मूठ मी पूर्ण आत ढकलते.
इंजिन घास अडकल्यासारखं ठसकतं,
प्रॉपेलर फिरतो, पण मनापासून नाही.
"पेट्रोल भरपूर आहे," व्हर्ना म्हणते,
"तेच दुखणं. हवा कुठंय इथं?"

चुलीत लाकडं कोंबावीत
आणि जाळाऐवजी घरभर धूर व्हावा, तसं.

म्हणजे लाल मूठ ओढायची.
लाल मुठीबद्दल पहिल्याच दिवशी मला
एवढंच सांगितलं होतं:
सबंध ओढलीस की इंजिन मरतं.
तेव्हापासून सहा महिने मी तिला
दारात झोपलेल्या कुत्र्यासारखी
वळसा घालून जात आले.

"काट्याकडे बघू नकोस. ऐक."

ऐकायला मला शिकवावं लागत नाही.
मिरजेत अब्बा तंबोऱ्याची जवारी लावत
तेव्हा रेडिओ बंद, पंखा बंद,
आम्ही पोरं चपला हातात घेऊन दारात.
घोडीवर, तारेखाली, सुती दोरा.
केसभर पुढं: तार मुकी, ठणठणीत.
केसभर मागं: नुसती चरचर.
आणि मध्ये कुठंतरी,
जिथं त्यांचं बोट थांबायचं,
भोपळ्यातून एकदम मधमाश्या उठायच्या.
दोरा त्यांनी मला कधी हलवू दिला नाही.
पोरींनी ऐकावं, म्हणायचे.
ऐकलं.

ओढते. एक सूत.
अजून एक. ठसका सुटतो.
अजून. आवाज कोरडा होत वर चढतो,
काटा शंभर फेरे पुढं
(बघायचं नव्हतं, बघितलं)
अजून एक सूत, आणि सूर चिरतो.
थोडी परत आत.
तिथं.

व्हर्ना काही बोलत नाही,
च्युइंगमच्या चांदीची घडी घालत राहते.
धावपट्टी संपत आली तरी चाकांना
जमिनीची सवय सुटत नाही.
मग सुटते. उजवीकडे माउंट एल्बर्ट,
खाली पिवळे अ‍ॅस्पेन,
आणि आर्कान्सा नदी, अजून ओढ्याएवढीच.

उतरताना मात्र विसरले.
सलाइडा मागं पडलं, नदी धरून
खाली येत होतो, पायांना ऊब येत होती,
मी स्वतःवर खूश,
आणि कॅन्यन सिटीच्या अलीकडे
इंजिननं एक पायरी चुकवली.
मग दुसरी.
हवा मिनिटामिनिटाला दाट होत होती
आणि मी त्याला डोंगरावरचंच
मोजकं ताट वाढत बसलेले.
व्हर्नाचा हात तिच्या मांडीवर होता.
तिनं तो उचलला नाही.
चार सेकंद. नंतर मोजले मी, मनात, कितीदा तरी.
लाल मूठ आत. हळू. सबंध नाही.
सूर भरला.

श्रावणात मिरजेलाही गिऱ्हाईकं परत यायची,
तंबोरा बसला म्हणून भांडायला.
दोनच महिन्यांपूर्वी तर लावून नेला होता!
अब्बा भांडत नसत.
दमट हवा एकदा नाकानं ओढून बघत,
आणि दोरा हलवत.

प्युब्लोला उतरलो.
व्हर्नानं वहीत दीड तास लिहिला,
शेऱ्याच्या रकान्यात काहीच नाही.
मग मी लाल मूठ धरली
आणि सबंध बाहेर ओढली.
प्रॉपेलर दोन फेरे आठवत फिरला, थांबला.
दार उघडून ती कॉफीकडे गेलीसुद्धा.
मी हेडसेट लगेच काढला नाही.